बॅरी सँडर्सचा ताळा

अकरा सामने, ३४४ वेळा हाती आलेला चेंडू आणि २,६२८ यार्ड. १९८८ च्या हंगामात ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या बॅरी सँडर्सच्या नावावर अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये झालेली ही नोंद. यार्ड म्हणजे आपला वार, नऊवारीतला. तेव्हा हे सगळे अंतर झाले दोन किलोमीटर चारशे मीटर; सपाट रस्त्याने कोणीही ते अर्ध्या तासात चालून जाईल. इथला प्रत्येक वार मात्र समोरच्या अकरा धिप्पाड माणसांच्या तावडीतून सोडवून घ्यावा लागतो. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांनी एवढे लक्षात घेतले तरी पुरे: चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. सरकला तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांकडे. पुढे सरकायचे मार्ग दोन. क्वार्टरबॅकने चेंडू लांब फेकायचा आणि पळत्या सहकाऱ्याने तो झेलायचा, किंवा क्वार्टरबॅकने तो मागे उभ्या असलेल्या रनिंग बॅकच्या पोटाशी द्यायचा आणि त्याने फट शोधून घुसायचे. कबड्डीत चढाई करणारा एकटाच सात जणांत शिरतो. रनिंग बॅकपुढे त्याच्याच संघातल्या पाच दांडग्यांची फळी असते. ती समोरच्यांना अंगाने रेटून त्याला वाट करून देते. या पाच जणांमुळेच २,६२८ हा आकडा वाचताना एक प्रश्न उभा राहतो. यातले सँडर्सचे किती आणि फळीचे किती? माझे म्हणणे असे, की या प्रश्नाचे उत्तर १९८८ चा हंगाम कितीही उलगडून पाहिला तरी अर्धेच मिळते. उरलेले अर्धे १९८९ मध्ये, डेट्रॉइट लायन्स या व्यावसायिक संघातल्या त्याच्या पहिल्या हंगामात आहे. शाळेत बेरीज झाली की ताळा करून पाहायला शिकवतात, तसा तो हंगाम या आकड्याचा ताळा आहे. आणि तो जुळतो.

ताळ्याची गरज काय, असे वाटू शकते. विक्रम तो विक्रम. पण कॉलेजात यार्डांचे डोंगर रचलेल्या खेळाडूंचे पुढे काय झाले ते पाहिले की गरज पटते. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मेल्व्हिन गॉर्डनने २०१४ मध्ये २,५८७ यार्ड काढले. त्याच्या हाती चेंडू आला तो ३४३ वेळा, म्हणजे सँडर्सपेक्षा एकदाच कमी. पुढच्याच वर्षी सॅन डिएगो चार्जर्सकडून खेळताना त्याला सबंध हंगामात ६४१ यार्ड मिळाले आणि टचडाऊन, म्हणजे चेंडू समोरच्या टोकाच्या पट्टीत नेऊन मिळवलेले गुण, एकदाही नाही. त्याच विस्कॉन्सिनचा रॉन डेन १९९९ साली देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारा हाइझमन करंडक घेऊन न्यूयॉर्क जायंट्सकडे गेला आणि पहिल्या हंगामात ७७० यार्डांवर थांबला. आयोवा स्टेटच्या ट्रॉय डेव्हिसने १९९५ आणि १९९६ अशी लागोपाठ दोन वर्षे दोन हजारांचा टप्पा ओलांडला, पण अमेरिकेतल्या व्यावसायिक मैदानावर त्याचा जम कधी बसलाच नाही. यात या मुलांचा काही गुन्हा नाही. कॉलेजच्या मैदानावर समोरच्या अकरांत पुढे व्यावसायिक होणारे मोजकेच असतात. व्यावसायिक मैदानावर अकराच्या अकरा तसे असतात. कॉलेजात दमदार फळीमागे मिळणारी हातभर फट इथे बोटभर होते आणि ती बंद व्हायलाही वेळ लागत नाही. अशा वेळी कॉलेजच्या आकड्यातला फळीचा, डावपेचांचा आणि दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांचा वाटा गळून पडतो आणि खेळाडूच्या स्वतःच्या अंगातले जे असेल तेवढेच शिल्लक राहते.

एका हंगामावरून निकाल देणे घाईचे नाही का, हा आक्षेप रास्त आहे. गॉर्डन पुढे सावरला. २०१७ मध्ये त्याने हजाराहून जास्त यार्ड काढले आणि एक चांगला व्यावसायिक खेळाडू म्हणून नाव मिळवले. नवख्या वर्षी दुखापत होते, संघ बदलतो, डावपेचांची नवी वही पाठ करावी लागते. पण ताळा खेळाडूच्या साऱ्या कारकिर्दीचा नसतो, आधीच्या आकड्याचा असतो. पहिल्या व्यावसायिक हंगामात शरीर तेच असते, वय एका वर्षाने वाढलेले असते, सवयी त्याच असतात. आजूबाजूचे सगळे मात्र बदललेले असते. कॉलेजचा आकडा कशामुळे उभा होता हे कळायला याहून चांगली संधी मिळत नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी तो खेळाडू नव्या गोष्टी शिकून वेगळा झालेला असतो.

सँडर्स मुळातच कोणाच्या नजरेत भरणारा नव्हता. १९६८ मध्ये कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी त्याचा जन्म झाला. वडील विल्यम सँडर्स छपरे शाकारण्याची आणि सुतारकीची कामे करत; अकरा भावंडांत हा सातवा. पूर्ण वाढ झाल्यावरही उंची १७३ सेंटिमीटरच. विचिटा नॉर्थ हायस्कूलमध्ये रनिंग बॅक म्हणून त्याला नियमित जागा मिळाली ती शेवटच्या वर्षी, तीही हंगाम सुरू झाल्यानंतर. मोठ्या विद्यापीठांनी ठेंगणा म्हणून त्याच्याकडे फारसे पाहिले नाही. ओक्लाहोमा स्टेटने घेतले, पण तिथे त्याच्या पुढे उभा होता थर्मन थॉमस, पुढे बफेलो बिल्सकडून खेळून व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलेला. दोन वर्षे सँडर्स थॉमसच्या सावलीत राहिला. १९८६ मध्ये त्याला ३२५ यार्ड मिळाले, १९८७ मध्ये ६०३. या काळात त्याचे काम होते समोरच्या संघाने लाथेने उडवलेला चेंडू झेलून परत आणायचे. १९८७ मध्ये असा चेंडू आणताना तो दर वेळी सरासरी ३१.६ यार्ड पुढे आला आणि देशात पहिला ठरला. या नोंदीकडे विक्रमाची चर्चा करणाऱ्यांचे फारसे लक्ष जात नाही, पण माझ्या दृष्टीने ती मोलाची आहे. अशा लाथेच्या, म्हणजे किकऑफच्या वेळी पाच जणांची सलग फळी पुढे नसते. माणसे मैदानभर विखुरलेली असतात, समोरून दहा जण भरधाव येत असतात आणि चेंडू आणणाऱ्याला आपली वाट आपणच ठरवावी लागते. १९८७ चा आणि १९८८ चा, दोन्ही हंगाम त्याने पहिलाच किकऑफ शंभर यार्ड पळवत नेऊन टचडाऊनने सुरू केले.

१९८८ मध्ये थॉमस गेला आणि जागा मोकळी झाली. विक्रमावरचा पहिला आक्षेप इथे येतो: प्रतिस्पर्धी दुबळे होते. आक्षेप पोकळ नाही. चार सामन्यांत सँडर्सने तीनशेच्या वर मजल मारली. ते सामने होते टल्सा, कॅन्सस स्टेट, कॅन्सस आणि टेक्सस टेक यांच्याविरुद्ध. कॅन्सस स्टेटने त्या वर्षी अकराच्या अकरा सामने गमावले होते आणि कॅन्ससने अकरापैकी एकच जिंकला होता. या दोघांविरुद्धचे ३२० आणि ३१२ यार्ड कोणी फुगीर म्हटले तर वाद घालायचे कारण नाही. मग हिशेब उलट्या बाजूने करून पाहू. त्या वर्षी जिंकलेल्या सामन्यांची संख्या हरलेल्यांपेक्षा स्पष्ट जास्त असलेले बळकट संघ तेवढे घेऊ. नेब्रास्काविरुद्ध १८९, ओक्लाहोमाविरुद्ध २१५, कोलोरॅडोविरुद्ध १७४, टेक्सस ए अँड एमविरुद्ध १५७. चार सामन्यांत ७३५ यार्ड, म्हणजे सामन्यामागे जवळजवळ १८४. सबंध हंगाम अशाच संघांशी खेळला असता तरी अकरा सामन्यांत तो दोन हजारांच्या पुढे गेला असता. त्याआधी अख्ख्या कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात दोन हजारांचा टप्पा ओलांडणारे मोजकेच होते; त्यांत सर्वांत पुढे होता मार्कस ॲलन, १९८१ मध्ये २,३४२ यार्ड काढून. शिवाय सँडर्सचा त्या हंगामातला सर्वांत कमी आकडा आहे १५४, मिसूरीविरुद्धचा. दुबळ्यांवर हात धुऊन घेणाऱ्या खेळाडूच्या आकड्यांत बळकट संघ समोर आला की खड्डा पडतो. इथे उतार आहे, खड्डा नाही.

दुसरा आक्षेप संघाचा. ओक्लाहोमा स्टेटचे आक्रमण त्या वर्षी खरोखरच जबरदस्त होते. अकरा सामन्यांत त्यांनी ५२२ गुण केले, सामन्यामागे सरासरी ४७ हून जास्त. क्वार्टरबॅक होता माइक गंडी. चेंडू झेलायला हार्ट ली डाइक्स होता, ज्याला पुढच्या वर्षी न्यू इंग्लंड पेट्रियट्सने नव्या खेळाडूंच्या निवडीच्या पहिल्याच फेरीत उचलले. पुढच्या फळीचा तर इतका दबदबा, की तिला ‘वॉर पिग्ज’ असे टोपणनाव पडले होते. समोरच्या बचावाला डाइक्सवर माणसे लावावी लागत आणि मधला भाग विरळ होत असे. हे सगळे मान्य करूनही एक तुलना हाताशी आहे, आणि ती संघाबाहेर शोधावी लागत नाही. आदल्याच वर्षी, त्याच प्रशिक्षक पॅट जोन्स यांच्या हाताखाली, त्याच गंडीच्या हातून चेंडू घेऊन थर्मन थॉमसने १,६१३ यार्ड काढले होते. थॉमस कोणी सोम्यागोम्या नव्हता. तो हॉल ऑफ फेममधला माणूस आहे. दोघांत फरक १,०१५ यार्डांचा. थॉमसपेक्षा सँडर्सच्या हाती चेंडू जास्त वेळा आला हे खरे, पण दर वेळी मिळालेले अंतरही जास्त होते: ७.६ यार्ड. साधारणपणे चेंडू जितक्या जास्त वेळा एकाच माणसाकडे जातो तितका बचाव सावध होतो आणि सरासरी घसरते. इथे ती चढली.

विक्रमासाठी चेंडू मुद्दाम त्याच्याच हाती दिला गेला, असेही कोणी म्हणू शकेल. त्यासाठी पुरावा म्हणून हंगामाचा शेवटचा सामना पुढे करता येतो. तो झाला टोकियोत, टेक्सस टेकविरुद्ध, आणि सँडर्सच्या हाती तब्बल ४४ वेळा चेंडू आला. ॲलनचा विक्रम मोडायला त्याला ४७ यार्ड हवे होते. पण गुणफलक पाहा: ओक्लाहोमा स्टेट ४५, टेक्सस टेक ४२. तीन गुणांनी सुटलेल्या सामन्यात प्रशिक्षक आकड्यांची हौस भागवत बसत नाहीत. विक्रमापुरते ४७ यार्ड झाल्यावरही तो थांबला नाही, ३३२ पर्यंत गेला, कारण सामना जिंकायला त्यांना तेवढ्याची गरज होती. योगायोग असा, की त्या वर्षीचा हाइझमन करंडक त्यालाच मिळाल्याचे जाहीर झाले तेव्हा सारा समारंभ न्यूयॉर्कमध्ये चालू होता आणि सँडर्स जगाच्या दुसऱ्या टोकाला, उपग्रहाच्या जोडणीवरून पडद्यावर दिसत होता. तोही नाखुशीनेच. सामन्याच्या तोंडावर कॅमेऱ्यासमोर बसण्यात त्याला रस नव्हता.

आकड्यांच्या वहीबद्दल इथेच बोलायला हवे. त्या काळी कॉलेज फुटबॉलची नियामक संस्था एनसीएए हंगामाअखेरच्या बोल सामन्यांतले आकडे खेळाडूच्या हंगामात धरत नसे. ते धरायला सुरुवात झाली २००२ पासून. सँडर्सने १९८८ च्या हॉलिडे बोलमध्ये वायोमिंगविरुद्ध २२२ यार्ड आणि पाच टचडाऊन केले. ते त्याच्या २,६२८ मध्ये नाहीत. धरले तर बारा सामन्यांत २,८५० होतात. वायोमिंग हा त्या वर्षी आपल्या गटाचा विजेता होता, तेव्हा दुबळेपणाचा आक्षेप या २२२ यार्डांना लागत नाही. २०२४ मध्ये बॉयसी स्टेटचा ॲश्टन जेंटी या विक्रमाच्या अगदी दाराशी येऊन थांबला: चौदा सामने, ३७४ वेळा चेंडू, २,६०१ यार्ड. सत्तावीस यार्ड कमी. या चौदांत बाद फेरीचा सामनाही धरलेला आहे. अकरा सामने झाले तेव्हा जेंटीचे २,०६२ यार्ड होते, बारानंतर २,२८८. जेंटीची बाजू घेणारे म्हणतात, की हंगाम लांबला की शरीर झिजते, तेराव्या-चौदाव्या सामन्यातले यार्ड पहिल्या-दुसऱ्यातल्यापेक्षा महाग असतात, आणि आजचे बचावपटू जास्त वेगवान आहेत. तिन्ही मुद्दे खरे आहेत आणि जेंटीचा हंगाम थोर होता याबद्दल दुमत नसावे. पण दोन माणसे किती दूर गेली हे मोजायचे असेल तर दोघांना सारखेच अंतर धावायला द्यावे लागते. बारा सामन्यांपर्यंत दोघांना शेजारी उभे केले तर मधले अंतर ५६२ यार्डांचे आहे. जेंटी सत्तावीस यार्डांनी हुकला, हे वाक्य वहीपुरतेच खरे आहे.

आता ताळ्याकडे. कॉलेजचे तिसरे वर्ष संपवून व्यावसायिक फुटबॉलमध्ये जाण्याची मुभा तेव्हा नव्हती. चौथे वर्ष खेळावेच लागे. पण खेळाडू भरतीतल्या गैरप्रकारांमुळे १९८९ च्या सुरुवातीला एनसीएएने ओक्लाहोमा स्टेटवर कडक निर्बंध घातले आणि त्या परिस्थितीत सँडर्सला अपवाद म्हणून ड्राफ्टमध्ये उतरू दिले गेले. ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची क्रमाने निवड. आधीच्या वर्षी ज्याची कामगिरी सर्वांत वाईट त्याला पहिला हक्क. डॅलसने पहिला निवडला क्वार्टरबॅक ट्रॉय एकमन. ग्रीन बे पॅकर्सने दुसऱ्या क्रमांकावर टोनी मँडरिच हा फळीतला अजस्र खेळाडू घेतला. तिसऱ्या क्रमांकावर डेट्रॉइटने सँडर्सला घेतले. त्या पहिल्या पाचांतले चार जण पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. राहिला तो एकटा मँडरिच. उंची, वजन आणि दंड मोजून केलेली निवड कशी चुकते याचे हे उदाहरण अमेरिकेत अजून दिले जाते. सँडर्स ठेंगणा होता, पण ९२ किलोंचे वजन त्याच्या मांड्यांत आणि कमरेत, जमिनीलगत होते. पकड करणाऱ्याला वाकावे लागे, आणि वाकलेल्या माणसाला हुलकावणी देणे सोपे.

डेट्रॉइट लायन्स हा १९८८ मध्ये सोळापैकी बारा सामने हरलेला संघ. ताळा करायला याहून परकी जमीन मिळाली नसती: ना वॉर पिग्ज, ना डाइक्स, ना सामन्यामागे सत्तेचाळीस गुण. त्यात पैशांच्या वाटाघाटी लांबल्यामुळे सँडर्सचे सबंध सराव शिबिर हुकले. हंगाम सुरू व्हायला अवघे काही दिवस उरले असताना करारावर सही झाली. १० सप्टेंबर १९८९ रोजी पाँटिॲकच्या सिल्व्हरडोममध्ये फिनिक्स कार्डिनल्सविरुद्ध पहिला सामना. पूर्वार्धभर तो बाकावर होता. उत्तरार्धात त्याला आत पाठवले. पाठीवर २० क्रमांक, जो आधी लायन्सचा लाडका बिली सिम्स घालत असे. क्वार्टरबॅकने चेंडू पोटाशी दिला, आणि व्यावसायिक फुटबॉलमधला पहिलाच चेंडू घेऊन तो अठरा यार्ड गेला. त्या दिवशी एकूण नऊ वेळा चेंडू, ७१ यार्ड, एक टचडाऊन. लायन्स १६-१३ असे हरले. शिबिरात पाऊल न टाकलेला, डावपेचांची वही नीट न वाचलेला मुलगा काही दिवसांच्या सरावावर दर वेळी जवळजवळ आठ यार्ड काढतो, तेव्हा ते यार्ड पद्धतीचे कसे म्हणायचे? पद्धत तर त्याला अजून कळायची होती.

सबंध हंगामात पंधरा सामने खेळून त्याने २८० वेळा चेंडू घेतला, १,४७० यार्ड काढले आणि चौदा टचडाऊन केले. बिली सिम्सने नवखा असताना १९८० मध्ये केलेला १,३०३ यार्डांचा संघाचा विक्रम मागे पडला. सिम्सचाच १९८१ चा १,४३७ यार्डांचा, म्हणजे लायन्सच्या कोणत्याही खेळाडूचा तोवरचा सर्वोत्तम हंगामही मागे पडला. दर वेळी सरासरी ५.२५ यार्ड. व्यावसायिक खेळात ही सरासरी साधारण चारच्या आसपास असते, यावरून अंदाज यावा. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवखा खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. कॉलेजातले ७.६ यार्ड आणि इथले ५.२५, हा जो फरक आहे तोच मला फळीचा आणि दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांचा वाटा वाटतो. दुसरे विद्यापीठवीर याच घसरणीत साडेतीन यार्डांवर आले होते.

यावर जाणकारांचा एक गंभीर आक्षेप आहे. त्या वर्षी लायन्सने ‘रन अँड शूट’ नावाची पद्धत स्वीकारली होती. तिच्यात चार-चार जण चेंडू झेलायला मैदानभर पसरतात. त्यांच्यामागे बचावपटूही पसरतात आणि मध्यभागी रनिंग बॅकसाठी मोकळे रान तयार होते. म्हणजे १९८९ चे यार्डही पद्धतीचेच, असा हा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. ही चार माणसे पसरायला आली कुठून? रनिंग बॅकपुढे धावून वाट काढणारा फुलबॅक आणि फळीच्या कडेला टेकू देणारा टाइट एंड या दोघांना काढून. मोकळे रान मिळाले तसे दोन अंगरक्षकही गेले. समोरचा एक जरी पाच जणांना चुकवून आत घुसला तरी त्याच्याशी सँडर्सला एकट्यानेच निपटावे लागे. आणि पद्धतच सगळे करत होती म्हणावे तर ती बदलल्यावर आकडा कोसळायला हवा होता. १९९७ मध्ये प्रशिक्षक बॉबी रॉस यांच्या हाताखाली, पुढे फुलबॅक घेऊन खेळणाऱ्या संघात सँडर्सने २,०५३ यार्ड काढले आणि लागोपाठ चौदा सामन्यांत शंभरी ओलांडली.

आणखी एक तक्रार कायम राहिली आहे आणि ती मी सहज बाजूला सारणार नाही. सँडर्स मागे पळायचा. समोर फट दिसली नाही की अंगावर चालून जाऊन दोन यार्ड पदरात पाडून घेण्याऐवजी तो वळायचा, मागे यायचा, दुसऱ्या कडेला जायचा. कधी त्यातून साठ यार्ड निघत, कधी चार यार्ड गमावले जात. चार प्रयत्नांत दहा यार्ड हवे असणाऱ्या खेळात गमावलेले चार यार्ड संघाला अडचणीत आणतात हे उघड आहे. हमखास चार-चार यार्ड देणारा एमिट स्मिथसारखा रनिंग बॅक संघाला जास्त उपयोगी, असे मानणारे प्रशिक्षक आहेत आणि त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. पण या तक्रारीनेच माझ्या मुद्द्याला बळकटी येते. तोटा झालेली प्रत्येक धाव त्या ५.२५ च्या सरासरीत वजा होऊनच बसलेली आहे. आणि फळीने उघडलेल्या वाटेने सरळ जाणारा खेळाडू सहसा मागे पडत नाही. ज्याला वाट मिळालेलीच नाही त्यालाच ती मागे येऊन शोधावी लागते. त्याच्या हुलकावण्या आकर्षक दिसत म्हणून आपण त्यांना शोभेच्या समजतो. त्या त्याच्या गरजेतून आलेल्या होत्या.

संघाला काय मिळाले, असे विचाराल तर पहिल्या अकरा सामन्यांत फारसे काही नाही, नऊ हरले. शेवटचे पाचही जिंकले आणि हंगाम सात विजय, नऊ पराभव असा संपला. त्यांतला अखेरचा सामना २४ डिसेंबरला अटलांटात झाला. सँडर्सने वीस वेळा चेंडू घेतला, १५८ यार्ड काढले, तीन टचडाऊन केले. लायन्स ३१-२४ ने जिंकणार हे जवळजवळ ठरले होते. तो बाकावर येऊन बसला तेव्हा यार्डांच्या यादीत कॅन्सस सिटीच्या क्रिस्टियन ओकोयेशी बरोबरी करायला त्याला दहा यार्ड हवे होते, पुढे जायला अकरा. ओकोये हा नायजेरियातून थाळीफेकपटू म्हणून अमेरिकेत आलेला, एकशेपंधरा किलोंच्या आसपास वजनाचा पहाड. पुन्हा आत जायचे का, असे प्रशिक्षक वेन फॉन्टेस यांनी सँडर्सला विचारले. तो नको म्हणाला. नवख्या वर्षीच साऱ्या देशात पहिला येण्याची संधी समोर असताना तो उठला नाही. दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, कारकिर्दीतल्या सर्वाधिक यार्डांचा वॉल्टर पेटनचा विक्रम १,४५७ यार्डांवर, म्हणजे त्याच्या एका हंगामाच्या टप्प्यात असताना त्याने निवृत्ती घेतली, तीही गावच्या वर्तमानपत्राला निवेदनाचा फॅक्स पाठवून. आकड्यामागे धावणाऱ्या माणसाचे आकडे वाचताना थोडे हात राखून वाचावे लागतात. सँडर्सचे तसे वाचायची गरज नाही.

१९८९ चा सर्वाधिक यार्डांचा मान ओकोयेला मिळाला. ओकोये १,४८०, सँडर्स १,४७०. ओकोयेच्या हाती चेंडू आला होता ३७० वेळा, सँडर्सच्या हाती २८० वेळा.